मैदानावरची श्रद्धांजली : मौन की टाळ्या, आणि ती नीट कशी वाहावी

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात फुटबॉलच्या स्पर्धा भरवणाऱ्या प्रत्येक मंडळावर केव्हा ना केव्हा ही वेळ येते. पंचक्रोशीत ज्याचे नाव होते असा जुना खेळाडू रात्री गेल्याचे कळते, किंवा सरावाहून परतणारा मुलगा अपघातात दगावतो, किंवा गावचा जवान हुतात्मा झाल्याची बातमी येते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उपांत्य सामना ठरलेला असतो. सामना खेळवायचा की पुढे ढकलायचा, यावर समिती तासभर चर्चा करते. श्रद्धांजली कशी वाहायची हे मात्र संघ मैदानात उतरल्यावर, माइक हातात असलेल्या माणसाला आयत्या वेळी जे सुचेल त्यावर सोडले जाते.

अलीकडे या प्रश्नाला आणखी एक फाटा फुटला आहे. टीव्हीवर युरोपातले सामने पाहणारी तरुण मुले एक मिनिट टाळ्या वाजवू या म्हणतात, आणि समितीतली वडीलधारी माणसे विचारतात की मयताला टाळ्या कसल्या? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मौन आणि टाळ्या या एकाच गोष्टीच्या जुन्या आणि नव्या तऱ्हा नाहीत, त्या दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. म्हणून निवड गेलेल्या माणसाच्या आयुष्याकडे आणि त्याच्या घरच्यांच्या इच्छेकडे पाहून व्हावी. प्रेक्षक गप्प राहतील की नाही, या भीतीपोटी ती कधीही होऊ नये.

या रीती आल्या कुठून

मौनाची रीत मुळात खेळाची नाही. १९१८ च्या मे महिन्यात दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन शहरात दुपारच्या तोफेनंतर सारे व्यवहार थांबवून युद्धात पडलेल्यांचे स्मरण करण्याची प्रथा सुरू झाली. पहिले महायुद्ध थांबल्याला वर्ष झाले त्या दिवशी, म्हणजे ११ नोव्हेंबर १९१९ रोजी सकाळी ११ वाजता, राजे पंचम जॉर्ज यांच्या आवाहनावरून ब्रिटिश साम्राज्यात दोन मिनिटे स्तब्धता पाळली गेली, आणि तिथून ती शाळा, कचेऱ्या, मैदाने यांत सर्वत्र गेली. आपल्याकडे दरवर्षी ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता दोन मिनिटे स्तब्ध उभे राहण्याचा परिपाठ प्रत्येकाने शाळेत गिरवलेला असतो. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असल्यामुळे लष्करी मानवंदनेची शिस्त या शहराने जवळून पाहिली आहे, आणि १७ जानेवारीला १९५६ च्या सीमालढ्यातील हुतात्म्यांना हुतात्मा चौकात अभिवादन करण्याची येथील मराठी माणसाची जुनी रीत आहे. मौन कसे पाळावे हे या भागातल्या प्रेक्षकाला नव्याने शिकवावे लागत नाही. आयोजकांनी हे आपले मोठे बळ मानावे.

टाळ्यांची गोष्ट वेगळी आहे. इटली आणि स्पेनमध्ये टाळ्यांच्या गजरात निरोप देण्याची पद्धत आधीपासून होती. ब्रिटनमध्ये ती रुजली ती मँचेस्टर युनायटेडचे नामवंत फुटबॉलपटू जॉर्ज बेस्ट यांच्या निधनानंतर. २५ नोव्हेंबर २००५ रोजी बेस्ट गेले, त्या आठवड्याच्या सामन्यांत एक मिनिट मौन पाळण्याचे ठरले होते, पण अनेक मैदानांवर लोकांनी आपण होऊन टाळ्या वाजवल्या. ज्या माणसाने त्यांना उभे राहून टाळ्या वाजवायला लावले होते, त्याला निरोप देताना हात आपोआपच जुळले असावेत.

आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांच्या आक्षेपालाही इथेच उत्तर द्यायला हवे. वारकऱ्याची अंत्ययात्रा टाळ-मृदंगाच्या गजरात, नामाचा घोष करीत निघते, आणि तिथे वाजणारी टाळी आनंदाची आहे असे कुणीही म्हणत नाही. टाळी म्हणजे जल्लोष असे समीकरण आपल्या परंपरेतही नाही. मात्र भजनाच्या टाळीला ठेका असतो, ती सगळे मिळून वाजवतात आणि मिळून थांबवतात. मैदानावरच्या टाळ्यांना असा ठेका आपोआप लाभत नाही. त्याची व्यवस्था करावी लागते, आणि ती कशी करायची ते पुढे सांगितले आहे.

कोणासाठी मौन, कोणासाठी टाळ्या

पहिली कसोटी वयाची आणि मृत्यूच्या तऱ्हेची आहे. अपघात, अकाली आजार, आत्महत्या, महापूर किंवा चेंगराचेंगरीसारखी दुर्घटना, सीमेवरचा मृत्यू, या सर्वांसाठी मौनच योग्य. इथे साजरे करण्यासारखे काही घडलेले नसते. जे पूर्ण व्हायचे होते ते अर्धवट राहिलेले असते, आणि टाळ्यांचा आवाज त्या अर्धवटपणावर पांघरूण घालतो. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरच्या कंठीरवा स्टेडियममध्ये फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात मोहन बागानविरुद्ध गोल करताना गोव्याच्या डेम्पो संघाचा ब्राझिलियन आघाडीपटू क्रिस्टियानो ज्युनियर गोलरक्षकाशी धडक होऊन कोसळला आणि गेला. डेम्पोने त्याची १० क्रमांकाची जर्सी पुन्हा कुणाला न देण्याचा निर्णय घेतला. बेळगावच्या एका बाजूला गोवा आणि बंगळूर तर बेळगावच्याच राज्यात असल्यामुळे ती बातमी या भागातल्या फुटबॉलप्रेमींना आपल्या घरची वाटली. अशा मृत्यूनंतर दुसऱ्या दिवशी मैदानात टाळ्या वाजवण्याची कल्पनाही करवत नाही.

उलट, ज्याने तीस-चाळीस वर्षे मैदान गाजवले, पुढे प्रशिक्षक किंवा क्रीडाशिक्षक म्हणून मुले घडवली आणि जो भरल्या वयात, नातवंडे पाहून गेला, त्याच्यासाठी टाळ्या शोभतात. त्या दिवशी मैदानात जमलेल्यांपैकी अर्ध्या लोकांकडे त्याची एखादी आठवण असते. कुणाला त्याची फ्री किक आठवते, कुणाला त्याने दिलेले पहिले बूट. मौनात प्रत्येकजण ती आठवण आपल्यापाशी ठेवतो. टाळ्यांमुळे ती सर्वांची होते.

या दोन टोकांच्या मधली प्रकरणे सर्वांत अवघड असतात. समजा, २२ वर्षांचा मध्यरक्षक अपघातात गेला आहे. त्याच्या आईवडिलांना टाळ्या सहन होणार नाहीत, आणि त्याच्या संघातल्या मित्रांना केवळ मौन पाळून परत खेळायला लागणे अपुरे वाटते. अशा वेळी दोन्ही करावे, पण वेगवेगळ्या वेळी : सामन्यापूर्वी मौन, आणि सामना चालू असताना त्याच्या जर्सीच्या क्रमांकाच्या मिनिटाला प्रेक्षकांच्या टाळ्या. बार्सिलोनाच्या एस्पान्योल संघाचा कर्णधार दानी हार्के ऑगस्ट २००९ मध्ये २६ व्या वर्षी गेला. त्यानंतर त्या संघाच्या मैदानावर २१ व्या मिनिटाला टाळ्या वाजू लागल्या, कारण २१ हा त्याचा क्रमांक होता. इटलीत फिओरेन्टिनाचा कर्णधार दाविदे अस्तोरी ४ मार्च २०१८ रोजी झोपेत गेला, आणि संघाच्या पुढच्याच सामन्यात १३ व्या मिनिटाला खेळ थांबवून त्याला टाळ्यांची मानवंदना देण्यात आली. मला स्वतःला ही जर्सीच्या मिनिटाची रीत सर्वांत मनापासून पटते, कारण त्या मिनिटाला तो मुलगा खरोखर मैदानातच असायला हवा होता.

गावच्या स्पर्धेत त्या मिनिटाला खेळ थांबवण्याची गरज नाही. चेंडू चालू राहू द्यावा आणि टाळ्या फक्त प्रेक्षकांनी वाजवाव्यात. प्रतिस्पर्धी संघाच्या कर्णधाराला आणि पंचांना हे आधी सांगून ठेवावे, नाहीतर आपली चेष्टा चालली आहे असा त्यांचा समज होतो.

भीतीपोटी टाळ्या निवडू नका

आयोजकांच्या मनात एक शंका नेहमी असते. दोन गल्ल्यांचे किंवा दोन पेठांचे संघ समोरासमोर आहेत, पलीकडचे लोक मौनात शिट्ट्या मारतील, त्यापेक्षा टाळ्या बऱ्या, कारण टाळ्यांच्या आवाजात हुल्लड ऐकू येत नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या दोन तालमींच्या संघांची ईर्ष्या ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही भीती समजावून सांगायला नको, आणि येथील स्पर्धांना कोल्हापूर, गोवा अशा सर्व बाजूंचे संघ येत असतात.

या प्रश्नावर इंग्लंडमध्ये जे घडले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिकच्या विमान अपघातात मँचेस्टर युनायटेडच्या ८ खेळाडूंसह २३ जण गेले. त्याला ५० वर्षे झाली तेव्हा, १० फेब्रुवारी २००८ रोजी, ओल्ड ट्रॅफर्ड या आपल्या मैदानावर युनायटेडचा सामना नेमका त्याच शहरातल्या प्रतिस्पर्धी मँचेस्टर सिटीशी होता. सिटीचे काही प्रेक्षक मौन मोडतील या धास्तीने त्यांच्याकडूनच टाळ्यांची सूचना आली होती. युनायटेड मौनावर ठाम राहिले. दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांनी मिळून पुष्पचक्रे ठेवली आणि सिटीच्या प्रेक्षकांनी मौन चोख पाळले. त्याच आठवड्यात वेम्ब्लीवर इंग्लंड-स्वित्झर्लंड सामन्यापूर्वी याच अपघाताच्या स्मरणार्थ पाळलेल्या मौनात मात्र काही जणांनी आवाज केला आणि ते आवरते घ्यावे लागले. ज्यांची सर्वांत जास्त भीती होती ते शांत राहिले, आणि ज्यांची चिंता कमी होती तिथे गडबड झाली.

सिटीचे लोक शांत का राहिले, याचे एक कारण मला महत्त्वाचे वाटते. त्या अपघातात सिटीचा माजी गोलरक्षक फ्रँक स्विफ्ट, जो तेव्हा पत्रकार म्हणून त्या विमानात होता, तोही गेला होता. दुःख दोघांचे होते. आपल्याकडेही गेलेल्या खेळाडूचा पलीकडच्या संघाशी काही संबंध जवळजवळ नेहमीच सापडतो : तो त्यांच्याकडून एखादा हंगाम खेळलेला असतो, त्यांच्या गल्लीत त्याचे आजोळ असते, किंवा त्यांच्या प्रशिक्षकाने त्याला शाळेत शिकवलेले असते. तो संबंध शोधावा, सूचनेत एका वाक्यात सांगावा, आणि पुष्पहार दोन्ही कर्णधारांच्या हातून वाहावा. याने जे साधते ते पोलीस बंदोबस्ताने साधत नाही.

ज्या समाजात ही रीतच नाही, तिथे मौन फसते हेही खरे आहे. जानेवारी २०२४ मध्ये रियाधला इटालियन सुपर कपच्या अंतिम सामन्यात इटलीचे दिवंगत फुटबॉलपटू जिजी रिवा यांच्यासाठी पाळलेल्या मौनात प्रेक्षकांनी शिट्ट्या वाजवल्या. पण आपल्याकडे अशी अडचण नाही. ३० जानेवारीला शाळेच्या पटांगणात उभा राहिलेला कोणताही माणूस, मग तो मराठी असो वा कानडी, मैदानातही उभा राहतो. त्याला फक्त नीट सांगावे लागते.

घरच्यांना आधी विचारावे

समितीने ठरवण्यापूर्वी घरच्यांकडे एकच माणूस जावा, आणि तो घरात ज्याचे येणे-जाणे आहे असा असावा. चार पदाधिकाऱ्यांनी मिळून जाऊ नये, आणि घरात सुतक असताना फोनवर तर मुळीच विचारू नये. काका, मामा किंवा थोरल्या भावाशी बाजूला बोलावे, कारण आईवडिलांना त्या दिवशी असले प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो. विचारायचे ते नेमके असावे. श्रद्धांजली वाहिलेली चालेल का, मौन हवे की टाळ्या, नाव कसे उच्चारायचे, फोटो ठेवायचा का, आणि घरचे कुणी मैदानात येणार आहे का.

फोटोचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तसा नाही. हार घातलेला फोटो आणि समोर समई ही आपली सवय आहे. बेळगावच्या कॅम्पातले किंवा खानापूरकडचे ख्रिस्ती कुटुंब, किंवा एखादे मुस्लिम कुटुंब, यांना ती नको असू शकते, आणि न विचारता तसे केल्यास ज्यांच्यासाठी हे सारे करायचे तेच अवघडतात. घरच्यांनी नको म्हटले तर कारण विचारू नये आणि आग्रहही धरू नये. अशा वेळी दोन्ही संघांनी दंडाला काळी फीत बांधून खेळावे, एवढे पुरते.

सामन्याच्या दिवशी

मौन बिघडते ते प्रेक्षकांमुळे कमी आणि यंत्रणेमुळे जास्त. गावच्या स्पर्धेत मी हे जवळून पाहिले आहे : मैदान अक्षरशः स्तब्ध उभे होते, आणि व्यासपीठावर उघड्या राहिलेल्या माइकमधून दोन पदाधिकाऱ्यांचे पाहुण्यांच्या चहाविषयीचे बोलणे चारही कर्ण्यांतून ऐकू येत होते. म्हणून सूचना संपताक्षणी माइक बंद करण्याचे काम साउंडवाल्याकडे नावानिशी सोपवावे. माइक नुसता टेबलावर ठेवून भागत नाही. त्याच्याशी आधीच बोलून घ्यावे की पार्श्वसंगीत नको, शोकधून नको आणि मौन संपल्यावर लगेच गाणेही नको. हलगी आणि ढोल-ताशावाल्यांना, पुंग्या विकणाऱ्या मुलांना, आणि फटाक्यांची माळ घेऊन बसलेल्या दोन्ही बाजूंच्या उत्साही कार्यकर्त्यांना स्वतः जाऊन सांगावे. स्पीकरवरून सांगितलेले त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. भेळ आणि चहाच्या गाड्यांवरही एक माणूस पाठवावा. सामना मोबाइलवरून थेट दाखवला जात असेल, तर त्याचा समालोचकही त्या मिनिटाला गप्प राहिला पाहिजे. घरी बसून पाहणारे नातेवाईक तेच ऐकत असतात.

वेळेचाही अंदाज घ्यावा. टिळकवाडीच्या रेल्वे गेटांच्या आसपासच्या मैदानांवर गाडीचा भोंगा कोणत्याही क्षणी वाजू शकतो. जवळ मशीद असेल तर अजानची वेळ, आणि मंदिर असेल तर आरतीची वेळ पाहूनच मौनाची वेळ ठरवावी. मध्येच एखादा आवाज आला तर कुणाचा दोष नसतो, पण तीन-चार मिनिटे पुढे-मागे केल्याने तो टळतो.

क्रम असा ठेवावा. पाहुण्यांचे स्वागत, शाल-श्रीफळ, भाषणे हे सर्व आधी उरकून घ्यावे, किंवा सरळ मध्यंतरावर टाकावे. सत्काराच्या टाळ्या विरल्याबरोबर श्रद्धांजलीची सूचना येणे फार विसंगत वाटते. मग दोन्ही संघ पंचांसह मैदानात येतील. राष्ट्रगीत होणार असेल तर ते प्रथम व्हावे. त्यानंतर खेळाडूंनी मध्यवर्तुळाच्या कडेने उभे राहावे, दोन्ही संघ एकमेकांत मिसळून उभे राहिल्यास अधिक चांगले. राखीव खेळाडू आणि प्रशिक्षक बाकासमोर उभे राहतील. सूचना दिली जाईल, पंच शिट्टी देतील, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट होईल, आणि पुन्हा शिट्टी होईल. नाणेफेक आणि हस्तांदोलन त्यानंतर व्हावे. सुरुवात आणि शेवट पंचांच्याच शिट्टीने होणे आवश्यक आहे, कारण मैदानात ज्याच्या शिट्टीवर सर्वजण थांबतात असा तेवढा एकच माणूस असतो.

एक मिनिट म्हणजे खरोखर एक मिनिट. लोक चुळबुळ करू लागले असे वाटून पस्तीस-चाळीस सेकंदांतच शिट्टी देण्याचा मोह पंचांना होतो. त्यांना आधीच सांगावे की घड्याळ पाहा, माणसे पाहू नका. दोन मिनिटे पाळण्याचा आग्रह लहान मुलांच्या स्पर्धेत धरू नये, आणि मोठ्यांच्या सामन्यातही तो फक्त हुतात्म्यांसाठी किंवा मोठ्या दुर्घटनेसाठी ठेवावा.

सूचना मराठी आणि कानडी दोन्ही भाषांत असावी. मैदानात दोन्ही भाषांचे लोक असतात, दोन्ही संघांत दोन्ही भाषा बोलणारी मुले असतात, आणि गेलेल्या माणसाच्या मित्रांतही ती असतातच. आपल्या भाषेबद्दल आपल्याला असलेली आस्था मी कुणापेक्षा कमी मानत नाही, पण शोकाच्या मिनिटाला समोरच्याला त्याच्या भाषेत उभे राहायला सांगणे ही आपल्या भाषेचीच प्रतिष्ठा आहे. मराठीत पुढीलप्रमाणे मजकूर पुरेसा होतो :

‘आपल्या भागातील ज्येष्ठ फुटबॉलपटू आणि अनेक वर्षांचे प्रशिक्षक, श्री. अमुक, यांचे काल निधन झाले. आज खेळणाऱ्या दोन्ही संघांत त्यांनी घडवलेले खेळाडू आहेत. कृपया सर्वांनी आपापल्या जागी उभे राहावे आणि मोबाइल बंद ठेवावेत. पंचांच्या शिट्टीनंतर आपण एक मिनिट मौन पाळणार आहोत. पुन्हा शिट्टी होईपर्यंत कृपया कोणीही हलू नये.’

त्यापाठोपाठ कानडीत एवढे म्हणावे : ‘दयविट्टु एल्लरू एद्दु निल्लि. ओंदु निमिष मौन आचरिसोण.’ टाळ्या ठरल्या असतील तर दुसरे वाक्य ‘ओंदु निमिष चप्पाळे तट्टोण’ असे होईल. ही सूचना कागदावर लिहूनच वाचावी. उत्स्फूर्त बोलताना समालोचकाचा स्वर नकळत सामन्याच्या समालोचनाचा होतो, विशेषणे वाढतात, आणि आदल्या दिवशी गेलेल्या माणसाचे नाव चुकते. या सूचनेत घोषणा नसाव्यात. जवान हुतात्मा झाला असेल तर ‘अमर रहे’चा घोष होणारच, आणि तो व्हावा, पण मौन पूर्ण झाल्याच्या शिट्टीनंतर.

टाळ्या ठरल्या तर

टाळ्यांना तयारी लागत नाही असे वाटते. अनुभव उलट आहे. मौन आपोआप एकसंध असते, टाळ्या मात्र चार कोपऱ्यांत चार वेळा सुरू होतात आणि वीस सेकंदांत विरतात. त्या विरलेल्या क्षणी मैदानभर जी अवघडलेली शांतता पसरते, ती कुणालाच नको असते. म्हणून टाळ्या मध्यवर्तुळातून सुरू व्हाव्यात. शिट्टी होताच दोन्ही कर्णधारांनी हात डोक्याच्या वर घेऊन टाळी द्यावी, मग दोन्ही संघांनी, मग प्रेक्षकांनी. हात वर घेतल्याने लांबच्या गर्दीला नेमके काय चालले आहे ते दिसते. मैदानाच्या चारही बाजूंना मंडळाचे दोन-दोन कार्यकर्ते उभे करावेत आणि त्यांनी पूर्ण मिनिटभर हात थांबवू नयेत. गर्दी त्यांच्या मागे चालते.

टाळ्यांपूर्वीची सूचना थोडी लांब असावी, कारण टाळ्या कशासाठी आहेत हे लोकांना माहीत असले पाहिजे. तो कोणत्या जागी खेळायचा, कोणत्या वर्षी कोणती स्पर्धा जिंकली, किती मुले त्याच्या हाताखालून गेली, हे तीन-चार वाक्यांत सांगावे. यातला प्रत्येक तपशील घरच्यांकडून किंवा जुन्या सहकाऱ्यांकडून पडताळून घ्यावा. त्या एका मिनिटात शिट्ट्या, हलगी, भोंगे, संघाच्या घोषणा काहीही नको. फक्त हातांचा आवाज हवा. आणि संपल्याची शिट्टी झाल्यावर निदान दहा सेकंद स्पीकर बंद ठेवावेत.

अर्धे मौन आणि अर्ध्या टाळ्या असा मेळ घालण्याचा मोह टाळावा. तीस सेकंदांनंतर मैदानातला निम्मा भाग अजून डोळे मिटून उभा असतो आणि उरलेला टाळ्या वाजवू लागतो. दोघांनाही आपण चुकलो असे वाटते.

काळी फीत आणि जर्सी

काळी फीत डाव्या दंडाला, जर्सीच्या बाहीवरून बांधावी. कापडी फीत घामाने सरकते, म्हणून दोन बोटे रुंदीची लवचीक पट्टी किंवा मोजे बांधायची काळी चिकटपट्टी वापरावी. कर्णधाराचा पट्टा त्याच दंडावर असेल तर फीत त्याच्या खाली यावी. गोल झाल्यावर आतल्या बनियनवर लिहिलेले नाव दाखवण्यासाठी जर्सी काढू नका, हे खेळाडूंना आधीच बजावावे. नियमाप्रमाणे त्याला पिवळे कार्ड आहे. २०१० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ११६ व्या मिनिटाला गोल केल्यावर आंद्रेस इनिएस्टाने दानी हार्केच्या नावाचा मजकूर दाखवला, तेव्हा त्यालाही पंचांनी कार्ड दाखवले होते. त्याऐवजी गेलेल्या खेळाडूची जर्सी बाकावर अंथरून ठेवावी आणि गोल करणाऱ्याने तिथे जाऊन ती उचलावी. यात कुठलाही नियम मोडत नाही.

मध्येच काही बिघडले तर

कुणी शिट्टी मारली, ओरडले, तर माइकवरून दम देऊ नये. दम दिल्याने एका माणसाची आगळीक साऱ्या मैदानाचा विषय होते आणि त्याच्या बाजूचे लोक ईर्ष्येने उठतात. जवळच्या कार्यकर्त्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवावा, एवढेच. आवाज वाढतच गेला तर पंचांनी मौन शांतपणे संपवावे आणि खेळ सुरू करावा. ते पुन्हा पहिल्यापासून पाळण्याचा प्रयत्न करू नये. घरच्यांची क्षमा सामन्यानंतर, त्यांच्या घरी जाऊन मागावी.

मात्र प्रत्येक आवाज बेअदबीचा नसतो, हेही ध्यानात असावे. १५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमधील हिल्सबरोच्या मैदानात झालेल्या चेंगराचेंगरीत अखेर लिव्हरपूलचे ९७ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. चारच दिवसांनी मिलान शहरात एसी मिलान आणि रेआल माद्रिद यांचा सामना सुरू झाल्यावर काही मिनिटांत पंचांनी खेळ थांबवून मौन पाळायला लावले, आणि त्या मौनातच मिलानच्या प्रेक्षकांनी लिव्हरपूलच्या प्रेक्षकांचे गीत म्हणायला सुरुवात केली. आपल्याकडे एखाद्या वारकऱ्याच्या श्रद्धांजलीत मागच्या रांगेतून कुणी वृद्धाने हळू आवाजात विठ्ठलनाम घेतले, किंवा कुणी हुंदका दिला, तर पंचांनी आणि कार्यकर्त्यांनी ते होऊ द्यावे.

दरवर्षीचा स्मृतिचषक

पुढे त्या खेळाडूच्या नावाने चषक सुरू होतो. पहिल्या वर्षी उद्घाटनाच्या सामन्यात मौन असावे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून, घरच्यांची संमती घेऊन, ते अंतिम सामन्यातल्या जर्सीच्या मिनिटाला टाळ्यांत बदलावे. दरवर्षी प्रत्येक सामन्यापूर्वी मौन पाळले की ते नाणेफेकीसारखे सवयीचे होते आणि नव्या मुलांना त्या माणसाची काहीच ओळख होत नाही. त्याचा फोटो आणि खेळाची दोन वाक्ये सामन्यांच्या वेळापत्रकावर छापावीत, ती मुले वाचतात.

१६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्या सामन्यात गर्दीत १६ फुटबॉलप्रेमी गेले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ तिथे दरवर्षी रक्तदान होते. अपघातात गेलेल्या मुलाच्या स्मृतिचषकाला जोडून आपल्या मंडळांनीही हे जरूर करावे. रक्तपेढीशी तारीख आधी ठरवून घ्यावी, आणि शिबिर अंतिम सामन्याच्या दिवशी ठेवू नये, कारण रक्त दिलेल्या खेळाडूने त्या दिवशी मैदानात उतरणे योग्य नाही. स्पर्धा संपल्यानंतरचा रविवार त्यासाठी सोयीचा पडतो, त्या दिवशी हरलेल्या संघांची मुलेही मोकळी असतात.